चार इंचांचे ठोकळे

ता. ३ मार्च

तीर्थरूप काकांस,
शि. सा. न.

तक्रारीचे कागद वाचले. कायदा कडक आहे. वस्तूत दोष निघाला की बनवणारा जबाबदार, त्याने कितीही काळजी घेतलेली असो. तरी सुटायच्या वाटा आहेत. वस्तू भलत्याच कामाला वापरली, धोक्याची सूचना असून पाळली नाही, किंवा विकत घेतल्यावर वस्तूत फेरफार केला.

आपल्याला तिसरी वाट मिळाली. सोबतचा फोटो पाहा. पाट्या रंगवणाऱ्या त्या बाईंनी तुमच्या शिडीच्या पायांखाली चार इंचांचे लाकडी ठोकळे बसवले होते. मग पडल्या, मनगट मोडलं. कारखाना वाचला म्हणा. तुम्ही फक्त सोबतच्या जबाबावर सही करा. नेहमीसारखं खोदत बसू नका.

काकूंना नमस्कार. सही पाठवताना लोभही पाठवावा.
आपली पुतणी

ता. ९ मार्च

चि. फिरकीस,
अनेक आशीर्वाद.

सही केलेली नाही. बाईंकडे जाऊन शिडी पाहून आलो. ओरडू नकोस.

बाई डाव्या हाताने अक्षरं गिरवत होत्या. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाल्या, शिडीवाले, आधी तुम्ही चढून दाखवा. मग शिडी पुढे केली.

ठोकळे पाहत राहिलो. शिडीच्या कलाला बरोबर जुळतील असे तिरपे कापलेले, खाली रबर, वरून तारेचे घट्ट वेढे. तीस वर्षं शिड्या करतो, मला हे सुचलं नव्हतं. ते तसूभरही सरकलेले नाहीत. निखळला तो वरच्या पायरीचा रिवेट. ही शिडी बनली त्या आठवड्यात भोकं पाडायचं यंत्र हलत होतं, भोकं लांबट पडली. दुरुस्ती पुढे ढकलली ती मीच.

त्या खेपेच्या चाळीस शिड्या परत मागवतो आहे. त्यातली एक तुला सनद मिळाली तेव्हा दिली होती. पत्र वाचून होताच तिला कुलूपबंद कर.

काकू आठवण काढते. माझ्यावर रागाव, पण चढू नकोस.
तुझा काका

ता. १५ मार्च

तीर्थरूप काकांस,
शि. सा. न.

रागावले. दोन दिवस. मग फोटो पुन्हा पाहिला. पडण्याचं कारण तो फेरफारच असेल, तरच त्या वाटेने सुटका होते. तो बाई पडल्यानंतरचा, आणि त्यातही ठोकळे जागच्या जागीच होते. मला ते दिसलं नाही, कारण मला ते सरकलेले हवे होते.

दोष मान्य असल्याचं लिहून दिलं. बाईंच्या वकिलांनी कागद दोनदा वाचला आणि यात मेख कुठे आहे असं विचारलं. मी म्हटलं, माझे काका तसेच आहेत. हे सांगताना मान ताठ झाली होती. भरपाई हप्त्यांनी ठरली. कारखाना ओढाताणीत, पण चालू राहील.

माझ्या शिडीचा वरचा रिवेट नखाने हलतो. तुमच्या सुटकेच्या वाटा ज्या पुस्तकात शोधल्या, ते सगळ्यात वरच्या कप्प्यात असतं. त्या आठवड्यात मी तीनदा चढले होते.

जपून राहा. माझ्यासाठी.
आपली पुतणी

ता. २ एप्रिल

चि. फिरकीस,
अनेक आशीर्वाद.

चाळीसही शिड्या परत आल्या. तुझ्यासाठी नवी पाठवली आहे. पाय बाईंच्या ठोकळ्यांच्या मापाचे, त्यांना विचारून.

आधी मी चढलो. बाई खाली उभ्या राहून बघत होत्या.

पुस्तक खुशाल काढ.
तुझा काका