देवपूरचं घर रूपाच्या नावे

मी शेवंताबाई नथ्थू बोरसे, वय एकाहत्तर, शाळा दुसरीपर्यंत, राहणार देवपूर, धुळे. डोकं ठिकाणावर आहे; शंका असेल त्याने समोर यावं. परवा हृदयाचं ऑपरेशन आहे. थोरला हेमराज काल दलालाला घेऊन घर मोजून गेला, म्हणून हे आजच लिहिते.

१. पारोळ्याची माझ्या नावची तीन एकर जमीन हेमराजला. घर मात्र माझ्या शिवणकामाचं आहे, वडिलोपार्जित नाही. त्यात त्याने टेप फिरवू नये. कोर्टात गेला तर जमीनही रूपाला.

२. घर रूपाला. ती माझ्या धाकट्या योगराजची बायको. योगराज ट्रकवर होता, एड्सने गेला. रूपालाही लागण आहे. गोळ्या वेळेवर घेते, माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. गोळ्यांसाठी सरकारी दवाखान्यात येणाऱ्या बायांना इथे मुक्काम आणि जेवण मिळतं, ते चालू राहावं.

३. या मुक्कामाची आता संस्था झालीय. तिच्या पुस्तिकेत छापलंय, हे काम मी मायेपोटी काढलं. खोटं आहे. ते पान काढा. योगराज आजारी पडला तेव्हा त्याची आणि रूपाची ताटली मीच वेगळी केली. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, जेवणातून लागत नाही. ऐकलं नाही. तो त्याच ताटलीत जेवून गेला.

पुढच्या श्रावणात पारोळ्याला कानबाई देवीच्या रोटांसाठी, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांसाठी, भाऊबंदांनी गहू एकत्र केले, माणशी सव्वा मूठ. दीर पितांबर म्हणाला, "वहिनी, रूपाना गहू बठ्ठासमा नको." म्हणजे तिचे गहू सगळ्यांच्यात नकोत.

"मंग मना बी नको, भाऊ."

रागात बोलले, मायेत नाही. गहू उचलून देवपूरला आले. रूपाने दळले, रोट दोघींनी एका ताटात खाल्ले. माझी भीती तरी गेली नव्हती. पुढच्या कानबाईला दवाखान्याच्या रांगेत रूपाला भेटलेल्या, घरच्यांनी टाकलेल्या पाच बाया आल्या. त्या राहिल्याच. संस्था झाली ती अशी.

४. शिलाई मशीन त्या पाचांतल्या कुंदाबाईला. तेल घालत जा, बाई. पितांबरला काही नाही. त्याचं त्याला पुरतं.

५. घर मी रूपाला माफीपोटी देत नाही. ते तिच्याशिवाय कोणाला चालवता येत नाही, म्हणून देते. माफी अजून मागितलेली नाही. ती इथे लिहीत नाही. कागदावर टाकली तर तिला नाही म्हणता यायचं नाही. आज संध्याकाळी ऑपरेशनसाठी दवाखान्यात निघण्याआधी तोंडाने मागेन. ती नाही म्हणाली, तरी घर तिचंच.

सही: शेवंताबाई नथ्थू बोरसे

साक्षीदार, समक्ष सही केली:
१. भाईदास अभिमन देवरे, शेजारी
२. कामिनी योगेंद्र भामरे, परिचारिका

ठिकाण: देवपूर, धुळे
तारीख: १८ नोव्हेंबर २०२४