रस संपेपर्यंत

८ मे १९६५, सकाळ
बायको यशोदा मिठबावला बहिणीकडे गेली. भाचीचं लग्न. यंदाची सोलं, म्हणजे रातांब्यांची आमसुलं, माझ्यावर. आमच्या आनंदीला तिसरा महिना, मुंबईत पोटात काही ठरत नाही. घरच्या सोलांची कढी तेवढी ठरते, असं पत्र आहे. डबा २२ तारखेच्या आगबोटीने गेलाच पाहिजे. पावसाआधीची ती शेवटची. म्हणजे पोरीचा जीव माझ्या हाती. तरी मी शांत आहे. थोडी धडधड होते, पण ती वाताची.
काळजी करू नकोस, असं यशोदेला सांगितलं. "मी खंय करतंय?" म्हणाली. निघताना शेजारच्या हौसाबाईशी बराच वेळ कुजबुजत होती. बहुधा माझ्या पथ्याविषयी.

दुपार
जावई लवू मुंबईत एका कचेरीत गणितयंत्रावर (कॉम्प्युटरवर) आहे. त्याने पत्रात सगळं समजावलं होतं. यंत्राला स्वतःचं डोकं नसतं. सांगाल तेवढंच करतं. नवशिक्यांसाठी सोपी भाषा असते, तिच्यात मुख्य शब्द चारच: जर, तर, नाहीतर, आणि 'अमुक होईपर्यंत पुन्हा'. माझी शाळा मराठी चौथीपर्यंत (चौथी तीनदा). मला लगेच समजलं.
हौसाबाईला अक्षर येत नाही. म्हणजे यंत्र म्हणून उत्तम. मी प्रोग्राम, म्हणजे सूचनांचा कागद, वाचून दाखवणार, ती करणार.

९ मे
प्रोग्राम नं. १: 'रातांबे फोडा. गरात मीठ घालून रस काढा. सालं रसात बुडवा, उन्हात वाळवा. जर ढग आला, तर आत घ्या.'
हौसाबाई म्हणाली, "भावजी, चाळीस वर्सां सोलां करतंय मी." यंत्र बोलत नाही, असं समजावलं. तिने तोंडाला पदर लावला. आदराने.

११ मे
सालांना कुबट वास. काल सकाळी नऊला ढग आला, तिने सालं आत घेतली. ढग गेला. सालं आतच. बाहेर का घातली नाहीत, विचारलं. "तुमी खंय सांगल्यात?"
दोष यंत्राचा. तरी मोठ्या मनाने दुरुस्ती केली. जर ढग असेल तर आत, नाहीतर बाहेर.

१२ मे
आज ढग फार. हौसाबाईने सालांची सुपं सत्तावीस वेळा आत-बाहेर केली. समोरचा महादू पायरीवर बसून मोजत होता. "भिकाजी, पालखी काढलंस काय रे?" अडाणी माणूस.
संध्याकाळी हौसाबाईने मिठबावला जाणाऱ्या कोणाकडे यशोदेसाठी निरोप दिला. सगळं ठीक असल्याचा असावा.

१३ मे
आज मुख्य काम. बायका सोलांना 'सात पुटं' देतात, म्हणजे सात वेळा रसात बुडवून वाळवतात. सातच का? कुणाला विचार नाही. माझा नियम: 'रस संपेपर्यंत रोज बुडवा, वाळवा.' पण रस मध्येच संपला आणि सोलं फिकी राहिली तर? म्हणून आणखी एक ओळ: 'जर रस कमी झाला, तर नवे रातांबे फोडा, मीठ घाला, रस वाढवा.'
सगळ्या बाजूंनी बंदोबस्त. लवूला कार्ड टाकलं. कचेरीत जागा असल्यास कळव. वय अडुसष्ट, पण डोकं ताजं.

१७ मे
आजूबाजूची सोलं डब्यात गेली. आमची अजून रसात. मालच वेगळा होणार.

१९ मे
आमच्या झाडाचे रातांबे संपले. हौसाबाईने महादूच्या झाडाचे आणले. मिठाची बरणी रिकामी, तिने दुकानातून नवं मीठ आणलं. रस संपत आला का, विचारलं. "संपतलो कसो? संपाक इलो की मी घालतंय."
कुठेतरी खटकलं. कागद दोनदा वाचला. एकही चूक नाही.

२० मे
एक सोल चाखलं. जीभ सोलवटली. त्यापेक्षा समुद्र गोड.
यशोदा उद्या येणार. जर यशोदा आली, तर
पुढे सुचत नाही.

२१ मे
आली. एक सोल तोंडात टाकलं. थुंकली नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. थुंकली असती तर बरं. मी कागद पुढे केला. तिने त्याच कागदाने हात पुसला आणि बोचक्यातून डबा काढला. सोलं! काळीशार, मऊ. मिठबावला बहिणीकडे बसून स्वतः केलेली.
हे कसं, असं विचारलं तर हौसाबाईच बोलली. "वयनीन जाताना सांगल्यान हुतां. ह्येंनी बिघडवल्यानी तर निरोप धाड, मी थंय करून हाडतंय. नायतर गप रव."
एक जर, एक तर, एक नाहीतर. कागदसुद्धा लागला नाही. आणि त्यातला 'जर' मी.

२२ मे
आगबोट गेली. डबा गेला. आनंदीची सोय झाली, हे मुख्य.
पडवीत बसलो आहे. मघाशी हौसाबाई मागच्या परड्यातून हाक मारून विचारत होती, "भावजी, रस अजून संपूक नाय. बुडवू?"