खिडकीजवळची खुर्ची

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोज लिहिणार. मोठी माणसं लिहितात म्हणे. उद्या कोणी विचारलं की सुरुवात कशी झाली, तर तारखेसकट सांगता आलं पाहिजे.

सुरुवात अशी. पाट्यांच्या दुकानात मी प्रिंट कापतो आणि चिकटवतो. मालक मला कटर म्हणतात. नाव आहे मला, पण पगाराच्या दिवशीसुद्धा त्यांना ते आठवत नाही. डिझाइन मालकांचा भाचा करतो. खिडकीजवळ दोन कॉम्प्युटर, दोन खुर्च्या. एकीवर भाचा बसतो, दुसरीवर त्याचं जॅकेट.

आज ठरवलं. जॅकेटची खुर्ची माझी.

मालकांना तोंडावर सांगितलं. म्हणाले, भाच्याच्या मशीनला लायसन्स घेतलं तेव्हाच माझं कंबरडं मोडलंय. तू स्वतःचं सॉफ्टवेअर घेऊन ये, दातांच्या डॉक्टरची पाटी तुला देतो. जमली तर खुर्ची तुझी. भाचा म्हणाला, मामा, त्याला आधी माउस कुठून धरायचा ते विचारा. हसले दोघं. हसा.

आईला फोन करून सांगितलं, खुर्ची मिळाली. मिळणारच आहे, मग दोनदा फोन कशाला करायचा? आई म्हणाली, बसलेला फोटो पाठव.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सॉफ्टवेअरची किंमत पाहिली. तळपायाची आग मस्तकात गेली. ना वजन, ना खोका, ना वास, आणि भाव मोटरसायकलचा! आणि इतकं देऊन वस्तू आपली नाहीच. वर्षभर वापरायची परवानगी फक्त. घरमालक परवडला. तो निदान नळ तरी दाखवतो.

पण खाली बारीक अक्षरात लिहिलंय: जुनं व्हर्जन असेल त्यांना अपग्रेड स्वस्तात. हे माझ्यासाठीच. कोपऱ्यातल्या जुनाट कॉम्प्युटरवर जेवणाच्या सुट्टीत मी तेच चालवत आलोय. भूक मारून. त्याचा सिरियल नंबर कंपनीला पाठवला. आता बघा.

६ फेब्रुवारी, गुरुवार

उत्तर आलं. म्हणे हा नंबर आम्ही कधी विकलाच नाही आणि तो जगभर हजारो मशीनवर चालू आहे. मग आनंद व्हायला हवा होता यांना. लगेच फोन लावला. पलीकडची बाई साखरेत घोळून म्हणाली, सर, ही चोरीची कॉपी आहे. मी म्हटलं, चोरी आधीच्या डिझायनरने केली. मी फक्त इमानेइतबारे वापरली. जुन्या गिऱ्हाइकाची हीच किंमत का? ती म्हणाली, सर, आपण आमचे गिऱ्हाईक नाही.

फोन मीच आपटला. तिच्या आधी.

९ फेब्रुवारी, रविवार

नवा शोध. विद्यार्थ्यांना तेच सॉफ्टवेअर जवळपास फुकटात. म्हणजे ज्याला काही येत नाही त्याला सवलत आणि ज्याला येतं त्याने लुटलं जायचं! जगात न्याय म्हणून काही राहिलेला नाही.

धाकटी कॉलेजात आहे. तिला म्हटलं, तुझं ओळखपत्र पाठव. म्हणाली, पैसे भरणाऱ्याचं आणि ओळखपत्रावरचं नाव एकच लागतं. वर म्हणते, दादा, नववीत शाळा सोडताना मास्तरांना काय विचारलं होतंस? शिकून मिळतं काय! बघ, सवलत मिळते.

फोन ठेवला. थोड्या वेळाने परत लावला, कारण तिचं बोलणं अर्धं राहिलं होतं. म्हणाली, तिथेही संध्याकाळचे वर्ग असतील, नाव घाल, स्वतःच्या नावाचं ओळखपत्र मिळेल. मला हे सुचणारच होतं. तिने मध्ये तोंड घातलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बस डेपोमागच्या शाळेत संध्याकाळी मोठ्या माणसांचा वर्ग भरतो. पुन्हा नववी. बाईंनी विचारलं, का शिकायचंय? मी म्हटलं, ज्ञानासाठी. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाल्या, बाळ, ओळखपत्र शेजारच्या खोलीत मिळतं. हजेरी मात्र इथेच लागते.

फोटोत डोळे मिटलेत. चालेल. वर्गात जाणार नाही हे आजच ठरवून टाकलं. माझी नववी तशीही निम्मी झालेली आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

लायसन्स आलं!! मी आता लायसन्सवाला माणूस आहे. भाच्याचं मामाने घेतलं, माझं मी घेतलं. फरक असतो.

चालू करण्याआधी नियमांची ही लांबच लांब पानं. खोलीतला घोरू (नाव वेगळं आहे, पण रात्री कळतं) म्हणाला, अरे, वाच तरी. मी म्हटलं, नियम वाचत बसणारे जन्मभर भांडी घासतात. तो हॉटेलात भांडीच घासतो. तेव्हापासून बोलत नाही. लोकांना खरं सहन होत नाही. ‘मान्य’ दाबलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मालकांनी भाच्याला जॅकेट उचलायला लावलं. खुर्ची फिरते. एकदा फिरून बघितलं. मग भाच्याने बघितलं म्हणून थांबलो.

दात काढला. म्हणजे चित्रातला. असा दात या गल्लीत झालेला नाही. चकाकतो, हसतो, वर डाव्या कोपऱ्यात चांदणी.

आमच्या दुकानात एक मदर फाइल आहे. बाण, बॉर्डर, फोनची चित्रं, सगळं तिच्यात. जी पाटी करायची ती तिच्यातूनच सुरू करायची आणि नवं काही चांगलं जमलं तर तिच्यात टाकायचं. किती डिझायनर आले नि गेले, फाइल तीच. मी माझा दात तिच्यात टाकला. भाच्याला विचारलं नाही. भेट देताना कोणी विचारतं का?

२२ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरची पाटी छापली. मालक म्हणाले, कटर, कडा काप. मी शांतपणे म्हटलं, डिझायनर पातं धरत नाही. भाचा म्हणाला, मग मी धरू काय? मी म्हटलं, कोणीतरी धरा, माझं काम डोक्याचं आहे.

कोणीच धरलं नाही. फिटर घाईत होता, त्याने कडांसकट चौकटीवर चढवली. रस्त्याच्या पलीकडून पाहिली. डोळ्यांत पाणी आलं. जवळ गेलो नाही. कलाकाराने आपलं काम लांबूनच पाहावं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

रागाने पेन दोनदा कागदातून आरपार गेलं.

दुकान उघडताच डॉक्टर आत. पाटीच्या चारही कडांना बारीक अक्षरात एकच ओळ छापलेली: विद्यार्थी आवृत्ती, केवळ सरावासाठी. डॉक्टर ओरडत होते, आ केलेला पेशंट तोंड मिटून निघून गेला हो! म्हणाला, सराव दुसऱ्याच्या दाढेवर करा!

ही ओळ स्क्रीनवर दिसत नाही. फक्त छापल्यावर उमटते. असा दगाबाज धंदा मी पाहिलेला नाही.

एवढ्यावर भागलं नाही. विद्यार्थी लायसन्समधलं एवढंसं चित्र दुसऱ्या फाइलीत गेलं की तीही फाइल विद्यार्थी होते. म्हणजे माझा दात पडला आणि मदर फाइल विद्यार्थी झाली. तिच्यातून भाच्याने केलेलं सगळंच विद्यार्थी. लिफ्ट दुरुस्तीवाल्याचीसुद्धा पाटी, केवळ सरावासाठी. तो तर पाटी उतरवून शिडीसकटच आला. बसायला खुर्ची दिली तरी बसेना.

मालक म्हणाले, तू दात नाही रे टाकलास, कीड टाकलीस. इतक्या गिऱ्हाइकांदेखत. भाच्याने मान खाली घालून नवी कोरी फाइल उघडली. ते जास्त लागलं.

कंपनीला फोन. तीच बाई. मी म्हटलं, होऊ दे खर्च, या विद्यार्थी लायसन्सचं पूर्ण लायसन्स करा, वरचा फरक देतो. ती म्हणाली, सर, विद्यार्थी लायसन्सला अपग्रेड नसतं. नवीनच घ्यावं लागतं, पूर्ण किमतीत. म्हणजे काय? विद्यार्थ्याने मोठं व्हायचंच नाही? ती म्हणाली, सर, हे नियमांत आहे, आपण ‘मान्य’ दाबलंय.

घोरूला यातलं काही सांगितलेलं नाही. तरी तो आज शीळ घालत होता.

१ मार्च, शनिवार

मला काढलं नाही. काढूच शकत नाहीत. भाचा मदर फाइल पहिल्यापासून नव्याने काढतोय. तोवर जे छापेल त्याच्या चारही कडा कापल्याच पाहिजेत आणि कापणार कोण? मालक म्हणाले, कटर, एकही अक्षर राहता कामा नये. दिवसभर ‘केवळ सरावासाठी’ कापतोय. पायाशी ढीग. थोडक्यात, हे दुकान सध्या माझ्या एकट्यावर चाललंय.

खुर्चीवर जॅकेट परत आलं. धुऊन आणलंय. मुद्दाम.

आईचा फोन. फोटो कधी पाठवतोस? शेजारणीला सांगून बसलेय. मी म्हटलं, इथे उजेड बरोबर नाही.

१० मार्च, सोमवार

कंपनीचं पत्र. तुम्ही विद्यार्थी असल्याचा पुरावा पुन्हा द्या, वर्गातल्या हजेरीसकट. नाहीतर लायसन्स बंद. असा संताप झाला की पातं बोटात गेलं. पण लायसन्स सोडणार नाही. उद्या मालक हात जोडत येतील, म्हणतील, बस बाबा खुर्चीवर. तेव्हा काय दाखवू?

म्हणून, आणि फक्त म्हणून, संध्याकाळी वर्गात गेलो. बाई म्हणाल्या, आलास का बाळ, बोटाला काय झालं? मी म्हटलं, अभ्यास. कुठे बसू विचारलं. एकच जागा उरली होती, खिडकीजवळ. तिच्यावर कोणाचं तरी जॅकेट. बाईंनी जॅकेटवाल्याला ते उचलायला लावलं.

बसलो. बाक आहे, फिरत नाही. पण खिडकी ती खिडकीच. उजेडही बरोबर होता. पटकन फोटो काढला, बाक दिसतो तेवढा खालचा भाग कापला आणि आईला पाठवून दिला.

धाकटीचं लगेच उत्तर. आईला आवडला, शेजारणीकडे घेऊन गेलीय. पण दादा, मागे फळ्यावर अपूर्णांक दिसतायत.

फक्त खालची कड कापली होती मी.