सासरेबुवा पत्ते पाहत नाहीत

रविवार, ४ ऑगस्ट

पुन्हा हरलो! सासरेबुवांनी माझी सगळी बटणं नेली. आम्ही पोकर शर्टाच्या जुन्या बटणांवर खेळतो आणि हरणाऱ्याने त्यांची शाळेची व्हॅन धुवायची. धुणारा कायम मीच. "जावईबापू, नुसते पत्ते येऊन भागत नाही, डोकं लागतं!" यावर बायको हसली. तीही!

आधी बरोबरीत असायचो आम्ही. या वर्षी म्हातारा हरतच नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

मंगळवार, ६ ऑगस्ट

गुपचूप ऑनलाइन कोर्स लावला. जेवणाच्या सुट्टीत लिफ्टच्या मशीनरूममध्ये बसून पहिला धडा पाहिला. शिकवणारी बाई म्हणते – पत्ते वाईट आले की डाव सोडून द्या. मी आजवर एकही सोडला नव्हता! आणि दुसरं – समोरच्याच्या वागण्यावर डोळा ठेवा.

ठेवतो की. आवाजावरून लिफ्टचा बिघाड ओळखणारा माणूस मी, सासरे काय चीज आहेत!

रविवार, ११ ऑगस्ट

डोळा ठेवला. सासरेबुवा स्वतःचे दोन पत्ते बघतच नाहीत. शेजारी बसून सासूबाई ते धरतात. का? तर "हाताला कंप सुटतो रे." रोज व्हॅनभर मुलं शाळेत नेतात, त्यात माझी लेक – तेव्हा कुठे जातो कंप? हल्ली तर सासूबाईही पुढच्या सीटवर बसून जातात, मुलांना सोबत म्हणून. तेवढी गाडी नीट चालते आणि पत्ते तेवढे धरवत नाहीत!

शिवाय टेबलावर सगळ्यांसाठी मांडलेला प्रत्येक पत्ता उघडणाऱ्याने मोठ्याने वाचायचा, हा सासरेबुवांचा नियम. "खेळाला रीत असते!"

मुद्दाम चमचा पाडला आणि खाली वाकलो. सासूबाईंची बोटं सासरेबुवांच्या गुडघ्यावर टकटक करत होती! खुणा! देवभोळी बाई आणि खुणा करते! संतापाने कान तापले. पण चमचा उचलून डाव पुरा केला. व्हॅन धुतली.

सोमवार, १२ ऑगस्ट

बायकोला सांगितलं. "म्हणजे माझी आई चोर?"

बुधवार, १४ ऑगस्ट

आजचा धडा – समोरच्याच्या चालीचं कारण सापडत नसेल तर तुमचाच अंदाज चुकलाय.

दिवसभर डोक्यात तेच. सासूबाईंना दिसतात ते फक्त सासऱ्यांचे पत्ते. आमचे नाहीत. मग खुणेने सांगतात काय? माणसाला त्याचेच पत्ते खुणेने कशाला सांगायचे? मान वळवली की दिसतील! चोरी म्हणावी तर चोरलं काय?

रविवार, १८ ऑगस्ट

बायको डाव सोडून उठली. तेवढ्यात दूध उतू चाललं म्हणून सासूबाईही आत पळाल्या. टेबलाशी आम्ही दोघंच. शेवटचा पत्ता मी उघडला. इस्पिकची पंजी. मोठ्याने म्हणालो, "बदामाची राणी!"

सासरेबुवांनी पत्त्याकडे पाहिलं. चांगलं वाकून पाहिलं. "आल्या का राणीसाहेब!" म्हणाले आणि सगळी बटणं पुढे सरकवली.

इतके दिवस वाट पाहिली होती या डावाची, आणि जिंकलो हे सांगवेना. पत्ते गड्डीत मिसळून टाकले. "तुम्हीच जिंकलात," म्हटलं. खूश झाले.

व्हॅन धुतली. डाव्या अंगाला लांबलचक ओरखडा आहे. मागच्या रविवारी नव्हता.

सोमवार, १९ ऑगस्ट

सकाळी व्हॅनची किल्ली मागायला धावत खाली गेलो. मुलं बसलेली, माझी लेक खिडकीशी, इंजिन सुरू. सासूबाई पुढच्या सीटवर, डोळे रस्त्यावर लावून. त्यांचा हात सासरेबुवांच्या गुडघ्यावर होता.