सिनॅगॉगमध्ये आपला मलिदा!

प्रिय आई,

शालोम! अगं, आत्ताच कापेल गावातल्या आपल्या घरी पोचलेय, अंगातला कोटही काढला नाहीये. पण तुला सांगितल्याशिवाय राहवेना. आज आपला, बेने इस्राएल ज्यूंचा मलिद्याचा विधी चक्क इथल्या सिनॅगॉगमध्ये झाला!

हो, त्याच. जिथे दारावरच्या योस्टने तुला विचारलं होतं, "साफसफाईला आलात का?" काठापदराची साडी, गळ्यात दाविदाचा तारा, आणि तरी! "चल घरी, देव काय आत कोंडून ठेवलाय?" म्हणालीस नि घरीच पोहे भिजवलेस. अगं, निदान दोन शब्द सुनवायचेस की!

वर्षभरात तू देवाघरी गेलीस, आणि तुझी नात नोमी हट्टाला पेटली. "आजीला अडवलं तिथे मी बात मित्झ्वा करणार नाही." सगळ्यांसमोर तोरा वाचायचा पोरीचा दिवस, तोच बुडणार होता. मी किती समजावलं! ऐकेल तर शपथ.

आपल्या नव्या वर्षाआधी सिनॅगॉगमध्ये सगळे गोल बसून स्वतःला तपासतात ना, यंदा विषय निघाला कातडीच्या रंगाचा. सुरिनामची एक बाई म्हणाली, "मला अजून विचारतात, तुम्ही ज्यू कधी झालात?" झालं! नोमी ताडकन उठली आणि तुझी हकीकत सांगून मोकळी. योस्ट समोरच! पांढराफटक पडला बिचारा. बिचारा कसला! माफी मागायला लागला, तर नोमी म्हणते, "माफी राहू द्या, आजीचं ताट मांडू द्या."

म्हणून आज मांडलं. पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर गुलाब, भोवती फळं. एलियाहू हन्नबी, आपले प्रेषित, त्यांच्या नावाचं ताट! एकीने तर न्याहारी समजून त्यावर दही ओतायला घेतलं. मी किंचाळलेच! मग कुणीतरी कुजबुजलं, "हे हिंदूंचं आहे का?" तेवढ्यात नोमीने खजूर उचलून फळांवरची ब्राखा, खाण्याआधीची आशीर्वादाची प्रार्थना, म्हटली. अगं, तीच तर त्यांचीही! सगळे "आमेन" असे गरजले की मला रडूच फुटलं.

मेट्रोत नोमी म्हणाली, तेही मराठीत, "आई, करते मी बात मित्झ्वा. तिथेच."

वचन देते, त्या दिवशीचं ताट मी भरणार नाही, तिलाच भरू देईन. पोहे जास्त भिजले तरी तोंड उघडणार नाही. बरं, थोडं उघडेन! आणि तुझ्या नावाचा पहिला घास योस्टच्या हातावर ठेवीन. हे नोमीचं म्हणणं हं. माझा राग अजून पुरता गेलेला नाही, पण ठेवीन.

तुझीच,
रिव्का