मंजूची नमुना शीट

नाशिक, ८ सप्टेंबर १९९७

ती. चिमाजीमामांस,
शि. सा. न. वि. वि.

तब्येत ठीक आहे, डोकं ठिकाणावर नाही. माझी कपलिंगची शीट सरांनी परत केली. इथे इंजिनिअरिंगला ड्रॉइंग कुणी काढत नाही, जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग मारतात. दोन खुर्च्यांवर काच, खाली बल्ब, काचेवर सरांची जुनी नमुना शीट, तिच्यावर आपला कागद, आणि गिरवत बसायचं. त्या नमुन्यात होल दहा मिलिमीटरचं आणि त्यातून जाणारा बोल्ट बाराचा. साठ जणांनी तसंच गिरवलंय. माझ्या सुट्ट्या तुमच्या लेथपाशी गेल्या, म्हणून मी होल साडेबाराचं केलं. सर म्हणाले, नमुन्याशी जुळत नाही. बोल्ट आत जाणार कसा विचारलं, तर परीक्षेत ते येत नाही म्हणाले.

वीस तारखेपर्यंत सही झाली नाही तर टर्म गेली, म्हणजे वर्षच गेलं. काय करू ते लगेच कळवा.

पोस्टमनकडे डोळे लावून बसलेली,
मंजू

नांदगाव, १२ सप्टेंबर

चि. मंजूस,
अ. उ. आ.

तुझ्या सरांना इथे आणून तो बोल्ट बसवायला लावावं असं वाटतंय. हातोडी मी देतो. आमचा लेथवरचा वाळू चौथी नापास. त्याला पत्र वाचून दाखवलं तर म्हणाला, ह्या सायबाला पगार कशाचा भेटतो?

आता राग गिळून लिहितो. तुझे वडील नको म्हणत होते, दाजींचं मन मीच वळवलं. वर्ष गेलं तर ते तुला पुन्हा पाठवणार नाहीत. तेव्हा गिरव. लिहिताना माझीच मला चीड येते आहे, तरी गिरव. सही झाली की ती शीट फाडून टाक.

चिडलेला, पण तुझ्यावर नव्हे,
चिमाजीमामा

नाशिक, २१ सप्टेंबर

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

गिरवली. सही झाली, वर्ष वाचलं. पंचवीसपैकी चोवीस मिळाले. इतकी रेखीव शीट बऱ्याच वर्षांत पाहिली नाही, असं सर वर्गासमोर म्हणाले. मला रडू आलं, ते त्यांना आनंदाचं वाटलं.

फाडायला म्हणून शीट मागितली, तर देईनात. जुना नमुना घासून फाटायला आलाय, म्हणून आता माझी शीट नमुना म्हणून कपाटात गेली. निदान होल तरी दुरुस्त करून देते म्हटलं, तर हात लावू नकोस म्हणाले. खालच्या कोपऱ्यात माझं नाव आहे, मामा. पुढच्या वर्षी साठ मुलं तीच गिरवतील. कागद चांगला आहे, सहज दहा वर्षं टिकेल म्हणतात.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.

तुमची,
मंजू