हाताला काय कळतं

३ मार्च, सोमवार

आज जावयाने माझी वही काउंटरवरून उचलून कपाटात टाकली. मला न विचारता.

जावई म्हणजे मालकांचा. तीन महिन्यांपूर्वी दुकानात आला आणि येताना एक यंत्र घेऊन आला. काडेपेटीहून थोडं मोठं. ते गाडीच्या काचेला चिकटवायचं आणि गाडी पळवायची. शून्यावरून शंभरला किती सेकंद, वळणावर किती ओढ, ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंत किती मीटर – सगळं छापून हातात येतं. गिऱ्हाईक कागदाची घडी करून खिशात घालतं आणि गाडीकडे न बघता सही करतं.

आम्ही जुन्या वेगवान गाड्या घेतो, नीट करतो, विकतो. बावीस वर्षं प्रत्येक गाडी आधी मी चालवून बघतो आणि रात्र व्हायच्या आत वहीत लिहितो. 'वळणात शिरताना नाक जड.' 'ब्रेक चांगला, पण त्यावर विश्वास उशिरा बसतो.' 'मागची चाकं मनाला येईल तशी चालतात, घाई असलेल्या माणसाला देऊ नये.' मालक वही वाचायचे आणि मग ठरवायचे.

"काका, 'विश्वास उशिरा बसतो' हे मी कुणाला कसं पाठवू?" म्हणाला.

पाठवू नकोस. गाडीत बसव त्याला. हे मनात म्हणालो. सकाळी देवासमोर बसतो तेव्हा हल्ली एकच मागतो – जिभेवर ताबा. आजचा ताबा जेवणापर्यंत पुरला. जेवणानंतर बोललोच. "तुझं यंत्र लग्नाला पोरगी बघायला गेलं तर वजन-उंची लिहून परत येईल." आमचा मेकॅनिक आजोबा गाडीखालच्या खड्ड्यात, पिटमध्ये, खदखदून हसला. जावई हसला नाही. मालकही हसले नाहीत. ते जास्त लागलं.

४ मार्च, मंगळवार

दातांच्या डॉक्टरबाई आल्या होत्या. पंचावन्नच्या असतील. दवाखाना भाचीकडे सोपवलाय. म्हणाल्या, "तीस वर्षं हातभर जागेत काम केलं. एका तोंडाच्या आत. आता मला लांब जायचंय, आणि जोरात."

जावयाने निळी दाखवली. नवी आहे, दोन वर्षांची. चार पूर्णांक एक सेकंद. तो आकडा असा उच्चारतो की जणू बारशाला नाव ठेवतोय. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आकडे मला नकोत हो. मला हाताला काहीतरी लागलं पाहिजे. सुई हिरडीत किती गेली ते मी बघत नाही, मला ते बोटांत कळतं. तसं."

मी पिटच्या तोंडाशी उभा होतो. बावीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. पुढे झालो आणि म्हणालो, "मग तुम्ही करडी बघा."

करडी अकरा वर्षं आमच्याकडेच सर्व्हिसला येत होती. तिचा जुना मालक परदेशी गेला, जाताना विकून गेला. सहा पूर्णांक तीन सेकंद. जावयाच्या भाषेत – म्हातारी. पण तिचं स्टिअरिंग हातात धरलं की रस्त्यावरची खडी मोजता येते.

६ मार्च, गुरुवार

आज दोन्ही गाड्या मी टेकडीवरून फिरवून आणल्या. बाईंना उद्या चालवायची आहे, त्याआधी माझं मत हवं असं त्यांनीच सांगितलं.

निळी – मेलेली. दुसरा शब्द नाही. वेग आहे, अफाट आहे, पाठ सीटला चिकटते. पण हातात काही नाही. टेकडीच्या दुसऱ्या वळणावर रस्ता उखडलेला आहे, तिथूनसुद्धा ती अशी गेली की जणू गादीवरून. उकडलेला बटाटा धरून बसल्यासारखं. ज्यांनी ही बनवली त्यांनी एकदा तरी डोळे उघडे ठेवून चालवली होती का? माणसाला गाडीपासून तोडायचं, मग त्याला आकडा द्यायचा. माणूस खूश!

करडीत बसलो आणि राग निवला. प्रत्येक वळण ओळखीचं. ती कुठे झुकणार, कुठे सावरणार – आधीच कळतं.

वहीत दोन्हींचं लिहिलं. निळीसमोर: 'बहिरी.' करडीसमोर: 'हिच्याशी बोलता येतं. निर्धास्त द्यावी.' वही परत काउंटरवर ठेवली. बघू कोण उचलतो.

घरी आलो तर चहाचा कप हातातून निसटून फुटला. आठवड्यातला दुसरा. ही म्हणाली, "लक्ष कुठे असतं तुमचं?" मी म्हणालो, कपांचे कान साबणाने बुळबुळीत ठेवतेस, टिकणार कसे. उगाच बोललो. तिने फरशी पुसली.

७ मार्च, शुक्रवार

बाई उत्तम चालवतात. ओठ घट्ट मिटून, कोपर अंगाशी. दात काढताना अशाच दिसत असतील.

आधी निळी. उतरून म्हणाल्या, "छान आहे. हातालाही कळतं थोडं थोडं." मी हसलो. सौजन्य म्हणून म्हणत असाव्यात – जावई मागेच बसला होता.

मग करडी. मी शेजारी. टेकडी चढलो. तिसऱ्या वळणावर म्हणाल्या, "डावीकडे घेताना हाताला काहीतरी लागतंय. टिचकी मारल्यासारखं."

मी म्हणालो, "तो रस्ता आहे, डॉक्टर. हीच गंमत आहे हिची. निळीत हे तुम्हाला कधी कळलं नसतं."

"प्रत्येक डाव्या वळणाला?"

"बोलते ती. ऐकायची सवय व्हायला हवी."

त्या हसल्या. उतारावर ऐंशीपर्यंत नेली. खाली आल्यावर गाल लाल झाले होते. "हीच घेते," म्हणाल्या. जावयाचा चेहरा बघण्यासारखा होता. बुधवारी गाडी न्यायला येणार, आणि थेट लांब निघणार – एकट्याच, डोंगर ओलांडून, बहिणीकडे.

आज देवासमोर नुसता बसलो. मागायला काही नव्हतं.

९ मार्च, रविवार

सुट्टी. गावच्या शाळेतले मास्तर आठवले. राग आला की लिहून काढायला सांगायचे, पाटी पुसता येते म्हणून. ही वही काही पुसत नाही मी. तरी आज राग नाही.

१० मार्च, सोमवार

राग आहे.

गाडी द्यायच्या आधी आजोबा ती पिटवर घेतो, खालून सगळं तपासतो. आजोबा हे नुसतं नाव – वय पस्तीस, पण कंबर धरून चालतो आणि दिवसभर कुरकुरतो म्हणून आजोबा. तीन वाजता हाक मारली. "उस्ताद, खाली या जरा."

पुढच्या डाव्या चाकाला स्टिअरिंगशी जोडणारा सांधा. त्याने चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. खटक. पुन्हा. खटक. त्यात इतकी ढिलाई, इतका प्ले होता की मला खालून दिसत होता.

"हा निघालाच असता," म्हणाला. "डोंगरात निघाला असता तर चाक एकीकडे आणि बाई एकीकडे."

कानशिलं गरम झाली. मी वर आलो आणि जावयाला सगळ्यांसमोर विचारलं – शनिवारी गाडीला हात कुणी लावला? कुणाला ही विक्री नको होती? मालकांच्या केबिनचं दार उघडं होतं. मला पर्वा नव्हती.

जावई पांढरा पडला. "काका, मला पाना कसा धरतात तेही येत नाही."

ते खरं आहे. मी म्हणालो, "मग करवून घेतलंस."

तेव्हा आजोबा कंबर धरत वर आला. "उस्ताद, पुरे. सांध्याचं रबर फाटलंय, आत माती जाऊन वाळलीय. हा चार-सहा महिन्यांचा आजार आहे. शनिवारचा नाही." आणि मग हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या – "हे तुमच्या हाताला यायला हवं होतं."

पिटमध्ये बसून वरच्यांना शिकवतो. त्याने आयुष्यात एक गाडी टेकडीवर नेली आहे का?

११ मार्च, मंगळवार

देवासमोर बसलो नाही.

मालकांनी बोलावलं. दार लावून घेतलं. बावीस वर्षांत दार लावून बोलायची वेळ आली नव्हती.

"अरे, तू त्याची माफी माग."

मागितली. जावई म्हणाला, "असू दे काका." त्याने भांडायला हवं होतं. इतकं समजूतदार वागून त्याने माझं तोंडच बंद केलं.

मालक पुढे म्हणाले की शुक्रवारपर्यंत ठरवू – यापुढे तुझं मत लागेल की नाही. 'तुझं मत.' भाजीत मीठ लागेल की नाही तसं.

१२ मार्च, बुधवार

डॉक्टरबाई आल्या. जावयाने फोन करून सगळं सांगितलं होतंच. मी तयारीत होतो – ओरडतील, पोलिसांची भाषा करतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

त्या माझ्यासमोर स्टुलावर बसल्या. "मी सांगितलं होतं तुम्हाला. टिचकी."

"हो."

"मला एकच सांगा. ती तुम्हाला लागली नाही – की लागली आणि तुम्हाला ती चांगली वाटली?"

मी म्हणालो, "लागली होती."

त्या माझ्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. माझ्या हातांकडे बघत होत्या. मग पर्समधून चिठ्ठी काढली, एक नाव आणि फोन नंबर लिहिला, आणि माझ्या शर्टाच्या खिशात घातली. "शाळेत माझ्या वर्गात होती. नसांची डॉक्टर. जाऊन या एकदा."

माणूस चुकला की तो आजारीच असायला हवा का? साधा चुकू शकत नाही?

संध्याकाळपासून तोच प्रश्न डोक्यात आहे. लागली होती की नाही. शुक्रवारचं ते तिसरं वळण मी पुन्हा पुन्हा घेतोय. वळण आठवतं, बाईंचे मिटलेले ओठ आठवतात, झाडं आठवतात. पण त्या दिवशी हात माझे स्टिअरिंगवर नव्हते. गुरुवारी होते. गुरुवारी मी एकटा होतो, डाव्या बाजूची सगळी वळणं घेतली होती, आणि आनंदाने घरी आलो होतो.

लागली असेल. अकरा वर्षांची सवय, इतकी ओळखीची गाडी – लागूनही लक्षात आली नसेल. घरच्या माणसाचा खोकला कुठे ऐकू येतो.

१४ मार्च, शुक्रवार

मालकांनी काही ठरवलं नाही. "पुढच्या आठवड्यात बघू," म्हणाले. त्यांनाही माझ्याकडे बघवत नाही.

आजोबाने सांधा बदलला. किल्ली पुढे केली. "फिरवून आणा उस्ताद. जमीन-अस्मानाचा फरक आहे."

नेली. टेकडीवर नाही, मागच्या रस्त्यावर. आठ डावी वळणं मुद्दाम घेतली.

परत आल्यावर म्हणालो, "झकास."

फरक कळला नाही. मागचा रस्ता फार गुळगुळीत आहे. किंवा आजोबाने काम अर्धवट केलंय, त्याचा भरवसा काय. मग निळी घेतली. कुणाला न विचारता, उखडलेल्या रस्त्यावरून, चाळीसच्या वेगाने. जावई दारात उभा राहून बघत होता. त्याला हात केला.

दोन्ही सारख्याच लागल्या.

१५ मार्च, शनिवार

हिने शर्ट धुवायला घेताना खिशातली चिठ्ठी वाचली. मला विचारलंच नाही. सरळ फोन केला आणि सोमवारची वेळ घेतली. मी म्हणालो, माझ्या हातांना काही झालेलं नाही, झालंय ते गाड्यांना, आणि त्या बनवणाऱ्यांना, आणि आकडे मोजणाऱ्यांना. ती म्हणाली, "मग सोमवारी तिथे तसं सांगा." आणि माझ्या शर्टाची वरची दोन बटणं लावून दिली. गेली दोन वर्षं तीच लावते. मी समजत होतो, माया.

१७ मार्च, सोमवार

डॉक्टर तरुण दिसतात, आवाज मऊ. हातात एक बारीक ताठ धागा, नायलॉनचा. म्हणाल्या, "डोळे मिटा. बोटाला टेकला की 'हो' म्हणा. घाई नाही."

मी डोळे मिटले. हात मांडीवर उताणे ठेवले. खोली शांत होती, पंखा होता, बाहेर ही कुणाशी तरी बोलत होती. आत्ता टेकेल, मग टेकेल. मनातला राग जरा बाजूला सरकवला आणि अगदी लक्ष देऊन बसलो, देवासमोर बसतो तसा.

"उघडा डोळे," त्या म्हणाल्या. "झालं."

मी अजून त्यांनी सुरू करायची वाट बघत होतो.